शिवण येत नाही, गोधडी जमेल का?

“आजीच्या साड्या घरात पडून आहेत, पण शिलाई मशीन नाही आणि सरळ शिवणही येत नाही; तरी गोधडी जमेल का?” फोंडा-डिचोलीकडच्या मुली-सुना मला हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते: नक्की जमेल. गोधडीला धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत घातलेला साधा टाका, हा एकच लागतो आणि तो हाताने घातलेलाच अधिक शोभतो.

पहिली गोधडी मात्र पलंगाएवढी काढू नये. तान्ह्या बाळाला पुरेल अशी, साधारण ७५ बाय ९० सेंटीमीटरची, शिवायला घ्यावी, कारण ती पुरी होते आणि पुरी झालेली गोधडी हातात आली की दुसरीची ओढ लागते. साडेपाच मीटरच्या सुती साडीतून ९० सेंटीमीटर लांबीचे सहा तुकडे निघतात. त्यांतल्या तिनांचे थर आपल्या हवेला पुरेसे आहेत. त्याहून जाड गोधडी गोव्याच्या पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. नायलॉन, पॉलिस्टर बाजूला ठेवावे. त्यांचे थर शिवताना सरकतात आणि ते घामही टिपत नाहीत. थरांवर बसवायच्या ठिगळांसाठी नवे सुती कापड घेतले तर ते आधी धुऊन वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि शेजारच्या जुन्या कापडाला चुण्या पाडते.

पुढची रीत घाटापलीकडच्या सिद्दी बायकांकडून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांपैकी अनेकजण निसटून उत्तर कन्नडच्या रानात गेले. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागांतल्या सिद्दींत त्यांचे वंशज आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. कडेच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, ठिगळाची कड आत मोडत आणि धावदोरा घालत, त्या चारही बाजूंनी फिरत मध्याकडे येतात. नवशिक्यांना हे फार सोयीचे आहे, कारण सारखे चौकोन मोजून कापावे लागत नाहीत. हाताशी असेल तो तुकडा पुढे बसतो. कोपऱ्यांवर त्या त्रिकोणी घडीची ‘फुले’ लावतात. तीही जरूर लावावीत.

दोरा हातभरच घ्यावा, लांब दोऱ्याला गुंता होतो. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवावी. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक असते, म्हणून सुरुवातीला मध्यम नंबरची, सहज ओवता येईल अशी सुई बरी. उजव्या हाताने सुई खाली घालताना डाव्या हाताचे बोट कापडाखाली धरावे. टोक बोटाला हलकेच लागले की सगळे थर टाक्यात आले असे समजावे आणि लगेच सुई वर काढावी. दोन-तीन टाके सुईवर घेऊन मगच दोरा ओढावा, पण ताणून ओढू नये, नाहीतर गोधडी आक्रसते. सुई ढकलणाऱ्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, घालावे. ते पहिल्या दिवशी अवजड वाटते, तरी काढू नये.

राहिला वाकड्या ओळींचा प्रश्न. ओळ वाकडी गेली म्हणून उसवू नका. पुढची ओळ तिच्याच कलाने, बोटभर अंतर ठेवून घाला. गोधडी उलटी करून पाहा आणि जिथे खालच्या थरावर टाका उमटलेलाच नसेल तेवढाच भाग उसवून पुन्हा घाला.