सोलापूरचे न बरसणारे ढग

जुलैत सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभे राहिले, की पश्चिमेकडून आलेले ढग न बरसताच डोक्यावरून निघून जातात, हे आम्हा सोलापूरकरांच्या अंगवळणी पडले आहे. त्यांचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या घाटातच सांडते आणि घाटाच्या पूर्वेला उतरणारी हवा तापून कोरडी होते. शिवाय ढगातला पाण्याचा कण जेमतेम ०.०२ मिलिमीटरचा, तसे सुमारे १० लाख एकत्र आले, तर २ मिलिमीटरचा एक थेंब घडतो. हीच जुळणी साधते का, हे पाहण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये येथील ढगांत विमानातून पाणी ओढून घेणाऱ्या क्षारांचे सूक्ष्म कण सोडले. (आमच्या गल्लीत त्या विमानाची चर्चा पावसापेक्षा अधिक झाली.) सप्टेंबरात मात्र दुपारी फुलकोबीसारखे ढग उंच वाढू लागले, की मी आधी गच्चीवरचे कपडे काढतो.