बायोडाटा राहू दे, फाईल आण

कॉलनीत कुणाच्या पोराचं शेवटचं वर्ष संपलं की महिन्याभरात ते आमच्या दारात उभं राहतं. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये दोन पानी पीडीएफ. "काकू, तुम्ही कलेक्टर ऑफिसात होतात ना? सरकारी नोकरीसाठी बायोडाटा केलाय, जरा बघता का?" पूर्वी मी विचारायची, लग्नाचा की नोकरीचा? आता ती गंमतही शिळी झाली. तुम्हीही बऱ्याच जणांनी हेच विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी 1987 साली लिपिक म्हणून लागले, 2022 मध्ये अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या बघणाऱ्या शाखेत गेली आणि भरती निघाली की कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर मी ठरलेली. एवढ्या वर्षांत वर्ग तीनच्या (म्हणजे गट क, लिपिक-तलाठी वगैरेंच्या) भरतीत मी एकही बायोडाटा वाचलेला नाही. कुणी आणलाच तर त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही टोकन नंबर लिहायचो.

यात तुमचा अपमान नाही. 2023 ची तलाठी भरती घ्या. 4644 जागा आणि दहा लाखांच्या वर अर्ज. शंभर प्रश्न, दोनशे गुण, मुलाखत नाहीच. केंद्र सरकारनंही 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तुम्ही मेहनती आहात, मनमिळाऊ आहात, हे कुणाला सांगायची वेळच येत नाही. परीक्षेत गुण पडले की थेट आमच्यासारख्यांचं टेबल. आणि त्या टेबलावर तुम्ही स्वतःबद्दल काय म्हणता याला काडीची किंमत नसते. तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणी गोल शिक्का मारून, जावक क्रमांक टाकून काय लिहून दिलंय, ते आम्ही बघतो. तेही कोणत्या तारखेला लिहून दिलंय, हे आधी बघतो.

म्हणून आलेल्या पोराला मी सांगते, बायोडाटा राहू दे, फाईल आण. फाईल आली की पहिल्यांदा फक्त नावं वाचते. दहावीच्या प्रमाणपत्रावर दत्तात्रय, पदवीवर दत्तात्रेय, आधारावर नुसता दत्ता. बापाचं नाव शाळेत बाळू, जातीच्या दाखल्यावर बाळासाहेब. घरी हा एकच माणूस, टेबलावर तीन. ज्या नावानं दहावीचं प्रमाणपत्र आहे तेच अर्जात टाकायचं आणि बाकीची कागदं त्याच्याकडे वळवून आणायची. जिथं वळत नाहीत तिथं राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा. लग्न झालेल्या मुलींनी तर लग्नाच्या वर्षीच विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा. सासरी-माहेरी दोन्हीकडच्या कागदांना जोडणारा तेवढाच एक पूल असतो. (1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आता आईचं नावही येणार आहे. चांगलंच झालं. पण ती पोरं भरतीला येतील तेव्हा त्या टेबलावर काय उडेल, ते बघायला मी नसेन.)

जन्मतारखेचं तसं सोपं असतं. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनीच तारीख टाकलेली. खोटी असली तरी सगळ्या कागदांवर एकच असते, आणि आम्हाला तेवढंच हवं असतं.

आता तारखांचं. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. एका भरतीत एक मुलगी माझ्यासमोर आली. अंगावर इस्त्रीचा ड्रेस, सोबत वडील, वडिलांच्या टोपीला घडीची रेघ. यादीत पहिल्या दहांत नाव. फाईल इतकी नीट लावलेली की मी शेजारच्या टेबलवाल्याला दाखवली. मग पदवीच्या गुणपत्रकावरची निकालाची तारीख बघितली. अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर नऊ दिवसांची होती. परीक्षा देऊन झाली होती, पास होणार याची खात्री होती, म्हणून तिनं अर्जात 'पदवीधर' वर टिचकी मारली होती. तिच्या हिशेबानं ते खोटं नव्हतं. मी गुणपत्रक दोनदा बघितलं, जाहिरात काढून पुन्हा वाचली, साहेबांकडे जाऊन आले. काही होण्यासारखं नव्हतं. शेरा मीच लिहिला, 'अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास अर्हता धारण करीत नाही.' वडिलांना वाचता येत होतं. त्यांनी तो वाचला आणि मलाच विचारलं, "बाई, नऊ दिवसच ना?"

म्हणून जाहिरात आली की आधी अभ्यासक्रम बघू नका. शेवटची तारीख बघा आणि त्या दिवशी तुमच्या हातात काय असेल ते मोजा. 'मिळणार आहे' हा शब्द सरकारी कागदात नसतो.

नॉन-क्रिमीलेयरचंही, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याचंही असंच. त्याची मुदत 31 मार्चला संपते. मग जूनमध्ये जाहिरात आली की सगळे दाखले देणाऱ्या सेतू केंद्राकडे पळतात, आणि नेमकी तेव्हाच तिथं अ‍ॅडमिशनवाल्यांची रांग लागलेली असते. एप्रिलच्या उन्हात काम करून मोकळे व्हा. केंद्राच्या भरतीला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो, राज्याचा दाखवून चालत नाही, हे निम्म्या पोरांना पडताळणीच्या आदल्या दिवशी कळतं.

जात वैधतेचं, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याच्या प्रमाणपत्राचं दुखणं तर जुनंच. बारावी सायन्सची मुलं प्रवेशासाठी ती काढून ठेवतात. कला शाखेच्या मुलांना कुणी सांगतच नाही. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. म्हणजे तुमच्या नोकरीची फाईल आजोबांच्या शाळेत सुरू होते. प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली) नोंद, जुना सात-बारा, जे सापडेल ते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावकीतलं कुणी गेलं होतं का, हे आजीला विचारा. आजीला कागद माहीत नसतात, पण कोण कुणाचा चुलता हे तिच्याएवढं कुणालाच माहीत नसतं, आणि वंशावळ लिहिताना तेच लागतं.

टायपिंग हवं असेल तर मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिटाचं परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र. आम्ही खडखड मशीनवर शिकलो, तुम्हाला कॉम्प्युटर आहे. एमएस-सीआयटी बऱ्याच पदांना नंतर दोन वर्षांत केली तरी चालते, पण आत्ताच करून टाका, नंतर कुणाला वेळ होतो! लहान कुटुंबाचं (दोनहून जास्त मुलं नसल्याचं) प्रतिज्ञापन 2005 च्या नियमांपासून आहे, त्यात अवघड काही नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तुम्हाला फालतू वाटेल. अर्ज स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या ईमेलवर भरा. तालुक्याचा कॅफेवाला दिवसाला पन्नास अर्ज भरतो. ओटीपीची कटकट नको म्हणून स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. प्रतीक्षायादीतल्या एका मुलाला बोलवायला आम्ही त्या नंबरवर फोन केला, तर पलीकडून विचारलं, "कोणता संतोष? माझ्याकडे चार आहेत." फोटोही त्यानंच दोन वर्षांपूर्वीचा चिकटवलेला असतो. आणि सही इंग्रजी कॅपिटल अक्षरात करू नका, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावरून अर्ज बाद होतो.

मग बायोडाटा कुठेच लागत नाही का? लागतो. कंत्राटी पदांना लागतो. आरोग्य अभियान, बचतगटांचं उमेद अभियान, पाणी-स्वच्छतेचे कक्ष, इथं जिल्ह्यावर जाहिरात निघते, कधी थेट मुलाखत असते, शिक्षण-अनुभवाला गुण देतात. अशा दोन-तीन मुलाखतींना टिपणं घ्यायला मी बसले होते. समितीच्या हातात प्रत्येक उमेदवारासाठी चार मिनिटं. त्यात जो कागद समोर येतो त्याच्यावर जाहिरात क्रमांक आणि पदाचं नाव जाहिरातीत आहे तसंच पाहिजे. खाली अनुभव, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काय काम, किती. 'डेटा एंट्रीचं काम केलं' यातून काहीच कळत नाही. 'प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन वर्षं, रोज साठ-सत्तर बाह्यरुग्णांच्या नोंदी, महिन्याचा अहवाल मीच तयार करायचे' असं लिहिलं की डॉक्टरसाहेब मान वर करून बघतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मधली दोन वर्षं स्पर्धा परीक्षेत गेली असतील तर तसं लिहा. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची गेलेली असतात.

हल्लीच्या तयार नमुन्यांत भाषांपुढे रंगीत पट्ट्या असतात. मराठी 80 टक्के. अरे, उरलेली वीस कुठं सांडली? त्या पट्ट्या काढा. छंद काढा. आईवडिलांची जात-पोटजात काढा, ते लग्नाच्या बायोडाटात शोभतं. एका पानात संपवा आणि त्या पानावरच्या प्रत्येक ओळीमागे एक कागद हवा. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदनाम आणि जावक क्रमांक हवा. 'काम समाधानकारक आहे' एवढंच लिहिलेला दाखला आम्ही बाजूला ठेवायचो. आणि दाखला नोकरी सोडण्याआधी घ्या. भांडून बाहेर पडल्यावर कुणी देत नाही.

'सेटिंग लावतो' म्हणणाऱ्याला बायोडाटाही देऊ नका आणि मूळ कागदपत्रं तर नाहीच नाही. पैसे बुडतात ते बुडतात, दहावीचं प्रमाणपत्र त्याच्या ट्रंकेत अडकतं.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगते. आता माझंही ऐका. निवृत्तीच्या वेळी माझंच पेन्शन प्रकरण त्रुटी लागून परत आलं. सेवापुस्तकात माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए, आधार आणि पॅनवर दोन. आयुष्यभर लोकांच्या वेलांट्या तपासल्या आणि स्वतःचं सेवापुस्तक उघडून बघितलं ते शेवटच्या वर्षी. पाच महिने गेले. टेबलावर मीच तयार केलेला मुलगा होता. मी म्हटलं, अरे, मला ओळखतोस ना? तर म्हणाला, "मॅडम, स्पेलिंग जुळल्याशिवाय पुढं पाठवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय." मग त्यानं चहा मागवला, आणि चहा पिऊन झाल्यावर त्रुटीपत्राच्या पोचेवर माझी सही घेतली. एक ए वाली.