एका ऑक्सिजनने पेटलेली ट्यूब : माझ्या एमएससी प्रोजेक्टचा अनुभव

एमएससीच्या शेवटच्या सेमला मला प्रोजेक्ट मिळाला फ्लुरोसंट डायचा, म्हणजे उजेड शोषून वेगळ्या रंगाचा उजेड परत टाकणाऱ्या रंगद्रव्याचा, रेणूचा आकार बदलला की उजेड का बदलतो ते बघायचं. मॅडम म्हणाल्या, पेपर नंतर वाच, आधी फिनॉल्फथॅलीन आणि फ्लुरोसीन दोन्ही स्वतः बनव. दोन्ही अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवलेली, दोन्हींत थॅलिक अनहायड्राइड, फक्त एकात फिनॉल जातं आणि दुसऱ्यात रिसॉर्सिनॉल.

फिनॉल्फथॅलीन लगेच जमलं, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकलं की टायट्रेशनमधला तोच ओळखीचा गुलाबी, पण यूव्ही लॅम्पखाली काही म्हणजे काही नाही. फ्लुरोसीनने मात्र दोन दिवस रडवलं. ऑइल बाथमध्ये १८० डिग्रीला झिंक क्लोराइड घालून लालभडक घट्ट गोळा झाला, तो अल्कलीत विरघळवला तर लॅम्पच्या बाजूला काचेला चिकटून फक्त हिरवी रेघ आणि आत सगळं काळपट नारिंगी. मला वाटलं माल अशुद्ध आहे म्हणून परत परत धुत बसले. शेवटी पीएचडीवाली ताई आली, तिने ड्रॉपरने त्यातला एकच थेंब पाण्याच्या बीकरमध्ये सोडला आणि हिरवा धागा वळत वळत तळाशी गेला, अख्खा बीकर पेटल्यासारखा! सोल्युशन फार दाट होतं, लॅम्पचा सगळा उजेड काचेलगतच्या थरातच शोषला जात होता. तेव्हापासून फ्लुरोमीटरला (डायचा उजेड मोजायचं यंत्र) लावायच्या आधी अॅब्सॉर्बन्स, म्हणजे सोल्युशन किती उजेड शोषतं त्याचं माप, ०.१ च्या खाली आहे ना हे मी आधी बघते.

आता कारण. फिनॉल्फथॅलीनच्या रेणूतल्या कार्बनच्या रिंगा मोकळ्या फिरतात, घेतलेली ऊर्जा त्या हलण्यातच उष्णता होऊन जाते. फ्लुरोसीनमध्ये दोन रिंगांच्या मधे एक ऑक्सिजन पुलासारखा बसतो, सांगाडा सपाट आणि ताठ होतो, हलायला जागाच नाही म्हणून ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते, अल्कलीत शंभर फोटॉन घेतले तर नव्वदच्या वर परत. एका अणूने एवढा फरक पडतो हे मला अजूनही फार सुंदर वाटतं.

पण मॅडमनी अडवलं, हा फरक हलण्यामुळेच आहे कशावरून, ऑक्सिजनचा दुसरा काही परिणाम असेल तर? मग ऱ्होडामाइन बी हा दुसरा फ्लुरोसंट डाय घेतला. त्यात ऑक्सिजनचा पूल आहेच, पण दोन टोकांचे डायइथिलअमिनो गट गोल फिरू शकतात आणि गरम केलं की जास्त फिरतात. त्याच्याच जातीच्या ऱ्होडामाइन १०१ मध्ये तेच नायट्रोजन रिंगांत अडकवलेले असतात, त्याचं यील्ड (घेतलेल्या फोटॉनपैकी परत किती दिले ते प्रमाण) जवळपास १ आणि तापवलं तरी फारसं ढळत नाही. ते महाग, आमच्याकडे नव्हतं, म्हणून मी ऱ्होडामाइन बी चाच तापमानाप्रमाणे उजेडाचा ग्राफ काढला, ५ डिग्रीपासून ७० पर्यंत, रेघ सतत खाली, म्हणजे ऑक्सिजन तोच, हलणं वाढलं की उजेड कमी.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी ग्राफ बघितला आणि म्हणाले, प्रत्यक्ष दाखव. लाइट बंद केले, बर्फातली ट्यूब काढून लॅम्पखाली गरम पाण्यात धरली, नारिंगी उजेड हळूहळू मंद होत गेला, परत बर्फात घातली आणि मिनिटभरात ती होती तशी चमकायला लागली. सरांनी दोनदा करायला लावलं.