काळी पावडर लाल झाली, पण अर्धीच

लॅबमधली मफल फर्नेस, म्हणजे विजेची बंद भट्टी, माझ्याकडे असते, म्हणजे कोणाची क्रुसिबल (पावडर तापवायची छोटी वाटी) कधी आत जाणार ते मी ठरवते आणि बोलणीही मीच खाते. मागच्या आठवड्यात एमएस्सी प्रोजेक्टची एक मुलगी मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या काळ्या चुंबकीय ऑक्साइडचे, नॅनोपार्टिकल्स घेऊन आली. पावडर काय सुंदर झाली होती! लोहाचे दोन क्षार, फेरस-फेरिक, एकास दोन, अमोनिया थेंबथेंब, धुवून धुवून पाणी न्यूट्रल केलेलं, काळीकुट्ट, बाटलीला बाहेरून चुंबक लावला की सगळी तिकडे धावायची. आणि गाइडचा हुकूम: ५०० डिग्री, दोन तास, क्रिस्टलिनिटी, म्हणजे स्फटिकातली अणूंची शिस्त, सुधारेल.

म्हटलं अगं, हवेत तापवलंस तर हे मॅग्नेटाइट राहणारच नाही, २००-२५० च्या आसपास ऑक्सिजन घेऊन तपकिरी मॅगहेमाइट होणार, अजून तापवलं की हेमॅटाइट, म्हणजे आपल्या गेरूतलं लाल तेच, आणि ते चुंबकाला फारशी दाद देत नाही. "पण ताई, सरांनी सांगितलंय." झालं, आमच्याकडे इथे विषय संपतो.

सकाळी झाकण काढलं तर वरचा थर विटकरी लाल. तिचा चेहराच पडला. पण स्पॅच्युलाने खरवडलं तर खाली चॉकलेटी पावडर आणि ती टुणकन चुंबकाला चिकटली, म्हणजे मॅगहेमाइटच, एकाच क्रुसिबलमध्ये!

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. एक्सआरडीत, म्हणजे स्फटिक ओळखायच्या क्ष-किरण चाचणीत, खालच्या पावडरला हेमॅटाइटचा ३३ अंशांजवळचा पीक नाहीच. ऑक्सिजन कमी पडला म्हणावं तर ती काळी राहायला हवी होती. आणि मॅगहेमाइटचं हेमॅटाइट व्हायला ऑक्सिजन लागतच नाही, सूत्र तेच, फक्त अणूंची मांडणी बदलते. आच आत पोचली नाही म्हणावं तर दोन तासांत एवढीशी पावडर तापत नाही होय? मला वाटतं क्रुसिबल गच्च भरलेली, वर झाकण, त्यामुळे हवा आत शिरली ती भट्टी निवताना, तोवर हेमॅटाइटपुरती आच उरलीच नव्हती. पेपरांमध्ये नुसतं ५०० डिग्री, दोन तास लिहून मोकळे होतात, किती भरली, झाकण होतं का, कोणी लिहीत नाही.

आता सर म्हणतायत दोन्ही खलात एकत्र घोटून व्हीएसएमला, म्हणजे चुंबकत्व मोजायच्या यंत्राला, पाठवा. मॅगहेमाइटचं बल्क मॅग्नेटायझेशन (मोठ्या कणांच्या रूपातलं चुंबकत्व) ७५-८० इएमयू प्रति ग्रॅमच्या आसपास, हेमॅटाइटचं एकसुद्धा नाही, मग त्या मिश्रणाचा आकडा नक्की कशाचा? मी दोन बाटल्या वेगळ्या करून लेबलं लावलीयत. चार्जेस दुप्पट पडतील म्हणे. पडू देत.