घेंटची चोरी: फळी चिरली तेव्हाच वाट मोकळी झाली

बेल्जियममधली सगळ्यात गाजलेली चोरी १० एप्रिल १९३४ च्या रात्री झाली. घेंटच्या सेंट बावो कॅथेड्रलमध्ये चित्रकार व्हॅन आयक बंधूंचं १४३२ सालचं भव्य वेदीचित्र, म्हणजे वेदीवर उभं करायचं अनेक फळ्यांचं चित्र, आहे. त्यातला डावीकडचा खालचा भाग, 'न्यायी न्यायाधीश', चौकटीतून काढून नेला गेला. तो आजतागायत सापडलेला नाही.

या चोरीची सुरुवात मात्र १९व्या शतकाच्या शेवटी बर्लिनमध्ये झाली, असं माझं ठाम मत आहे. वेदीचित्राच्या पंखांना, म्हणजे दारासारख्या उघडमीट होणाऱ्या बाजूच्या फळ्यांना, दोन्ही बाजूंनी चित्रं होती, आणि त्यातले बरेचसे पंख तेव्हा बर्लिनच्या संग्रहालयात होते. दोन्ही बाजू एकाच वेळी दिसाव्यात म्हणून ओकच्या फळ्या जाडीतून चिरल्या गेल्या. न्यायाधीश एका पातळ फळीवर आले, मागचा राखाडी रंगातला बाप्तिस्मा करणारा योहान दुसऱ्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहामुळे १९२० मध्ये पंख घेंटला परतले ते असे चिरलेलेच. चोराने दोन्ही फळ्या नेल्या आणि त्याच्या हाती आयता पुरावा आला: एक परत करायची, दुसरी धरून ठेवायची.

त्याने नेमकं तेच केलं. एप्रिलच्या अखेरीस घेंटच्या बिशपांना पत्र आलं. मागणी होती दहा लाख बेल्जियन फ्रँकची. पुढच्या पत्रांखाली सही 'डी. यू. ए.' होती. उत्तर द्यायचं ते वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून. मग ब्रुसेल्सच्या उत्तर स्थानकाच्या क्लोकरूमची पावती टपालाने आली. ती दाखवल्यावर जे सामान मिळालं त्यात योहान होता. खंडणीसाठी वर्तमानपत्राचं पान फाडून खूण ठरवली होती: जुळणारा तुकडा जो घेऊन येईल त्याच्या हाती पाकीट द्यायचं.

इथे त्याचा हिशेब चुकला. पाकिटात फक्त २५,००० फ्रँक निघाले. अर्धा माल परत मिळालेला, त्यामुळे समोरच्यांना घाई उरली नव्हती. पत्रं येत राहिली, एकूण १३, आणि त्यातली चिडचिड वाढत गेली.

२५ नोव्हेंबर १९३४ रोजी वेटेरेनचा शेअर दलाल आर्सेन गूडर्टियर हृदयविकाराने वारला. मरता मरता त्याने आपल्या वकिलाला सांगितलं, की चित्र कुठे आहे हे एकट्या आपल्यालाच माहीत आहे, अभ्यासिकेतली फाइल बघा. फाइलमध्ये खंडणीच्या पत्रांच्या कार्बन कॉपी होत्या, शिवाय न पाठवलेलं चौदावं पत्र. टाइपरायटर पुढे घेंटच्याच सिंट-पीटर्स स्थानकाच्या क्लोकरूममध्ये मिळाला.

मला सर्वांत जास्त राग येतो तो यापुढच्या भागाचा. वकील पोलिसांकडे गेलाच नाही. तो ओळखीच्या दंडाधिकाऱ्यांकडे गेला, आणि त्यांनी जवळपास महिनाभर आपापसातच तपास केला. खुणा ताज्या होत्या तो काळ असा हातचा गेला. गूडर्टियरने हे एकट्याने केलं का, हा प्रश्नही त्यामुळेच लटकत राहिला.

शेवटच्या पत्रात म्हटलं आहे, की चित्र अशा जागी आहे जिथून ते लोकांचं लक्ष वेधल्याशिवाय कुणालाच, खुद्द लिहिणाऱ्यालाही, काढता येणार नाही. म्हणून शोधणारे कॅथेड्रलपासून चौकांपर्यंत सगळीकडे फिरले. २०१८ मध्ये, चित्र तिथे जमिनीखाली आहे या दाव्यामुळे, घेंटचा कालांडेबर्ग चौक चर्चेत आला.

चित्र जमिनीखाली असेल, या तर्काने मला धास्ती वाटते. फळी साधारण १४५ सेंटिमीटर उंच, ५१ रुंद, आणि चिरल्यामुळे पातळ. रंगाखाली खडू आणि सरसाचा थर आहे. ओल लागली की लाकूड फुगतं, वाळलं की आक्रसतं. थर तेवढा ताणत नाही, त्याला तडे जातात आणि रंगाचे पापुद्रे निघतात. सरस ओलीत मऊ पडतो ते वेगळंच. कोरड्या दगडी भिंतीत किंवा लाकडी आच्छादनामागे मात्र ते टिकलं असण्याची शक्यता बरीच आहे. माझ्या मते शोध तिथेच व्हायला हवा. सध्या वेदीचित्रात हरवलेल्या फळीच्या जागी येफ व्हान डेर वेकेनने काढलेली नक्कल आहे, आणि तिच्यातल्या एका न्यायाधीशाला त्याने राजा तिसऱ्या लिओपोल्डचा चेहरा दिला आहे.