धरून ठेवा आणि ठेवून द्या

माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी संभाषणाच्या शिकवणीला येणारी बहुतेक मुले हिंजवडीच्या किंवा खराडीच्या कचेऱ्यांत नोकरी करतात आणि समोरासमोर बऱ्यापैकी इंग्रजी बोलणारी ही मंडळी फोनवर मात्र अडखळतात. अडचण उच्चारांची नसते. ‘हँग’, ‘पुट’, ‘गेट’, ‘कॉल’ अशा साध्यासुध्या क्रियापदांना ‘अप’, ‘ऑन’, ‘थ्रू’, ‘बॅक’ अशी शेपटे लागली की अर्थ कुठल्या कुठे जातो, ही खरी अडचण. ‘हँग ऑन’ म्हणजे थांबा आणि ‘हँग अप’ म्हणजे फोन ठेवा, हे एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ लक्षात तरी कसे ठेवायचे, असे गेल्या आठवड्यात एका मुलीने वैतागून विचारले.

तिला उत्तर देताना मला आमचा सदाशिव पेठेतला वाडा आठवला. अख्ख्या वाड्यात फोन एकट्या मालकांकडे होता आणि आम्ही सगळे बिऱ्हाडकरू तोच क्रमांक पुढे ‘पी. पी.’ (म्हणजे फोन दुसऱ्याचा, आम्हाला बोलावून घ्या) असे लिहून नातेवाइकांना देत असू. आमचा फोन आला की मालकीणबाई ‘धरून ठेवा हं’ असे बजावून काळा रिसीव्हर विणलेल्या रुमालावर आडवा ठेवत आणि गॅलरीतून आईला हाक मारत. आई कणकेचे हात तसेच घेऊन जिना चढे, दोन बोटांत रिसीव्हर पकडून बोले आणि शेवटी ‘बरं, ठेवते’ म्हणे. ‘धरून ठेवा’ आणि ‘ठेवून द्या’ यांतही ‘ठेव’ एकच आहे, पण एकाने बोलणे चालू राहते आणि दुसऱ्याने संपते. जे काम मराठीत सोबतचे दुसरे क्रियापद करते, ते इंग्रजीत ‘ऑन’ आणि ‘अप’ करतात.

‘हँग अप’मधले टांगणे मात्र अगदी खरेखुरे आहे. भिंतीवरच्या जुन्या यंत्रांत कानाला लावायचा भाग बाजूच्या आकड्याला टांगलेला असे. बोलणे झाल्यावर तो परत टांगला की त्याच्या वजनाने आकडा खाली जाई आणि संभाषणाचे मंडल तुटे. पुढे रिसीव्हर आडवा ठेवायची सोय आली, आता तर रिसीव्हरच उरलेला नाही, तरी इंग्रज माणूस फोन टांगतोच. आपण तरी मोबाइल खिशात टाकता टाकता ‘ठेवतो’च म्हणतो की!

‘पुट थ्रू’ हा त्याच काळातला. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज 1882 साली सुरू झाले. तेव्हाच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आपल्यासमोरच्या फळीवरील भोकांत दोरीच्या टोकाची खुंटी खुपसून एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडून देई, आणि आपला ‘जोडून देतो’ हे त्याचेच नेमके मराठी आहे. इथे मुले चुकतात ती शब्दांच्या क्रमात. ‘पुट थ्रू मी’ असे म्हणून चालत नाही. सर्वनाम मधोमध बसते, ‘पुट मी थ्रू’. ‘कॉल मी बॅक’चेही तसेच.

माझी स्वतःची फजिती ‘हँग अप ऑन’ने केली. पहिल्या नोकरीत एका परदेशी ग्राहकाशी बोलताना लाइन तुटली, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी अतिशय नम्रपणे ‘सॉरी, आय हंग अप ऑन यू’ असे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. ‘काल मी तुमच्या तोंडावर फोन आपटला’ असे आपण म्हणून बसलो आहोत, हे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने नंतर सांगितले. लाइन आपोआप तुटली असेल तर ‘वुई गॉट कट ऑफ’ म्हणावे, म्हणजे दोष कोणाकडेच जात नाही.

आवाज तुटायला लागला की इंग्रजीत ‘यू आर ब्रेकिंग अप’ म्हणतात. कल्पना आपलीच, फक्त मराठीत आवाज तुटतो आणि इंग्रजीत माणूस. ‘कॉल ऑफ’चा तर फोनशी काही संबंधच नाही, त्याचा अर्थ बेत रद्द करणे. ‘आय विल गेट बॅक टू यू’ हे मात्र पुणेकराला वेगळे शिकवावे लागू नये. त्यात पुन्हा फोन करण्याचे वचन नाही, केव्हा हे नाही आणि उत्तर होकारार्थी असेल असेही नाही. आपण ‘बघतो, कळवतो’ म्हणतो तेव्हा तरी दुसरे काय सांगत असतो?

हल्ली मी मुलांना जोडीजोडीने पाठीला पाठ लावून बसवते, कारण समोरच्याचा चेहरा दिसला की ती हातवाऱ्यांवर निभावून नेतात. काल त्याच मुलीची पाळी होती. ‘हँग ऑन, आय विल पुट यू थ्रू’ असे तिने न अडखळता म्हटले, आणि म्हणताना तिची रिकामी मूठ कानाशी घट्ट धरलेली होती.