सोलापूरचा मुक्काम

मी यंत्रमागांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत काम करते. टॉवेल कारखान्यांच्या कामासाठी महिन्यातून दोनदा तरी मुंबईहून सोलापूर गाठावं लागतं. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूर आणि दहाला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पहिली भेट. मधले हे साडेतीन तास कसे जातात, त्यावर माझा अख्खा दिवस ठरतो.

पहिल्या खेपेला नुसते फोटो पाहून खोली घेतली होती. काउंटरवर गेल्यावर कळलं, खोली दुपारी बारानंतर मिळेल. आधी हवी तर अर्ध्या दिवसाचं भाडं जास्त. ते आमच्याकडे मंजूर होत नाही. मग स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये गार पाण्याने तोंड धुतलं, तिथेच कपडे बदलले आणि रिक्षात बसले. काम झालं, पण दिवसभर अंग आंबलेलं होतं. रात्री आंघोळीला गेले तर गरम पाणी फक्त सकाळी सहा ते नऊ.

तेव्हापासून आधी थेट हॉटेललाच फोन करते. चेक-आउट चोवीस तासांचं आहे ना, हा पहिला प्रश्न. तसं असेल तर सकाळी सातला आलेल्या माणसाची खोली दुसऱ्या दिवशी सातपर्यंत त्याचीच. मग गिझर आहे की सोलर, उशाजवळ प्लग आहे का, बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक घालाल ना. दाराला आतून कडी आहे का, हे मी न चुकता विचारते. नुसत्या कार्डाने उघडणाऱ्या कुलपाच्या भरवशावर मला झोप लागत नाही. ‘मॅडम, सोबत कोण आहे?’ असं जिथून विचारलं गेलं, तिथे मी पुन्हा फोन केला नाही.

अशा चौकशीतूनच सध्याचं हॉटेल सापडलं. लहानच आहे, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. पण खोलीत टेबलाला टेकून बसता येईल अशी खरी खुर्ची आहे. कोटेशन पलंगावर मांडी घालून करायची वेळ येत नाही. रात्री नऊला एमआयडीसीतून परतले, की काउंटरवरचे काका विचारतात, ‘ताई, जेवलात का? भाकरी सांगू का?’ कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. एवढं पोटात गेलं, की उन्हाळ्यातली चाळिशीपार दुपारही विसरायला होते.

टॉवेलचं मात्र मनाला लागलं होतं. सोलापूरच्या चादरीप्रमाणे इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे आणि याच गावच्या हॉटेलात अंगावरून पाणी नुसतं सरकवणारा टॉवेल! एका कारखानदारांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘टॉवेल वाईट नसेल. धुताना सॉफ्टनर घालतात का, ते बघा.’ सॉफ्टनरचा थर सुताच्या फाशांवर बसतो, टॉवेल हाताला मऊ लागतो, पण पाणी टिपत नाही. त्यात पाणी जड असलं, की क्षार साचून तो आणखी कडक होतो. काकांना सांगितल्यावर त्यांनी धुणाऱ्या बाईंना माझ्यासमोरच बोलावलं. सॉफ्टनर बंद केलं, टॉवेल दोन-तीनदा नुसत्या गरम पाण्यातून काढले. पुढच्या खेपेला केस पहिल्यांदाच नीट टिपले गेले. आपल्या धंद्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडली, याचा मला फार आनंद झाला.

परवा निघताना काकांनी पुढची तारीख विचारली. मी सांगितली. त्यांनी रजिस्टर ओढून माझ्या नावापुढे लिहिलं : तिसरा मजला, सकाळी साडेसहा, गिझर सहालाच सुरू.